देवमन काय म्हणाला

“अकरावा आकडा, सहाशे त्रेचाळीस!” मुलींच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, आणि नेमकी त्याच वेळी पिंपळखुटे सरांच्या पाठीवर आठवी थाप पडली. सरांनी मान हलवली; दोन्ही पोचलं होतं. डोळ्यांवर काळा रुमाल बांधलेला होता. पुढे केलेल्या उजव्या तळहातावर एकेक वस्तू ठेवली जात होती आणि लगेच काढून घेतली जात होती. खडू, कुलूप, चिंचोका, कपाशीचं बोंड. स्टेजच्या कोपऱ्यातून त्यांचे सोबती कुर्बानभाई मधूनच घंटेवर टोला देत. कधी एक, कधी लागोपाठ तीन. तेही मोजायचे होते.

नांदगाव खंडेश्वरच्या एका शाळेचं गॅदरिंग होतं. २००७ सालचा जानेवारी. पटांगणातल्या मांडवात पोरं, मास्तर आणि गावोगावचे पालक मिळून सहा-सातशे माणूस बसलेलं.

पाऊण तासानं रुमाल सुटला. सरांनी वीसही आकडे सांगितले, आधी सरळ, मग उलटे. थापा सतरा. टोले एकतीस. हातावरच्या नऊ वस्तू, ज्या क्रमानं आल्या त्या क्रमानं. कुर्बानभाईंनी कागदावरून पडताळून “बरोब्बर!” म्हणायचं आणि मांडवानं टाळ्या वाजवायच्या, असं चाललं होतं. सगळं संपल्यावर मुख्याध्यापकांनी सरांच्या अंगावर शाल घातली आणि माइकवर म्हणाले, “सरांच्या डोक्यात एकदा गेलं की ते कायमचं कोरलं जातं. असा माणूस आपल्या वऱ्हाडात आहे हे आपलं भाग्य!”

हे खरं नव्हतं, आणि ते खरं नाही हे सरांना पक्कं ठाऊक होतं.

कमलाकांत पिंपळखुटे मूर्तिजापूरच्या हायस्कुलात चौतीस वर्षं संस्कृत शिकवून निवृत्त झाले होते. मुख्याध्यापक झाले नाहीत, पुस्तक लिहिलं नाही, मूर्तिजापूर सोडून कुठं राहिले नाहीत. तरुणपणी वर्गात मुलांना रमवायला म्हणून ते आकडे ऐकून परत सांगू लागले, आणि हळूहळू त्याचा कार्यक्रम झाला. अकोला, अमरावती, यवतमाळ, तीन जिल्ह्यांतल्या शाळांत लोक त्यांना या एका गोष्टीनं ओळखत. पण त्यांचं कसब तासा-दीड तासाचं होतं. कार्यक्रमाच्या सुरुवातीला ते स्वतःच मुलांना समजावून सांगत, “तुम्ही वाचत बसलेले असता. आई काहीतरी विचारते. तुम्ही ‘काय?’ म्हणता, आणि ती पुन्हा सांगायच्या आतच तुम्हाला कळतं ती काय म्हणाली ते. कसं काय? तिचा आवाज अजून तुमच्या कानात असतो म्हणून. पण दोन-तीन क्षणच हं. तेवढ्यात त्याला उचलून घेतलं, मनात घोळवलं, तर तो तुमचा. नाहीतर गेला.”

ते उचलून घेण्यात तरबेज होते, एवढंच. आणि कार्यक्रम संपला की सगळं सोडूनही देत. दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं असतं तर वीसांतले चार आकडेही त्यांना सांगता आले नसते. एकदोनदा भाषणात त्यांनी तसं सांगूनही पाहिलं होतं. लोकांना तो विनय वाटला. मग त्यांनी सांगायचं सोडलं. शाल घेताना मान खाली घालायची सवय मात्र राहिली.

“कुणाला काही विचारायचं आहे का?” मुख्याध्यापकांनी रीतीप्रमाणे विचारलं.

मागे, बायकांच्या बाजूला, एक बाई उभी राहिली. पस्तिशीची असेल. डोक्यावरून पदर, कपाळ मोकळं.

“नमस्कार जी. मी कौशल्या देवमन गावंडे. बोरखेडची.” तिचा आवाज माइकशिवायही स्टेजपर्यंत आला. “सर, नागपंचमीच्या दुसऱ्या दिशी तुमी बडनेऱ्याहून यवतमाळच्या बसमंदी होते. माहे मालक तुमच्या बाजूले बसले होते. कंडक्टर आमच्याकडचा हाय, त्यानं सांगतलं. फवारनीचा पंप होता त्याइच्या मांडीवर, दुरुस्त करून आनला होता. बोरखेड फाट्यावर उतरले. पन घरी नाही आले. सीधे वावरात गेले. दुसऱ्या दिशी सकायी कापसाच्या उभ्या पऱ्हाटीत सापडले.”

मुख्याध्यापक पुढे सरकले, “बाई, कार्यक्रम झाल्यावर...” पण तिनं थांबायचं ठरवलेलं नव्हतं.

“गावात सारे म्हनतात, त्याइनं औषध घेतलं. मी म्हनते, पंप दुरुस्त करून आननारा मानूस कायले घेईन? फवारता फवारता चढलं असन. कोनीच मले धड सांगत नाही. सेवटी ते तुमच्याशीच बोलले जी. तुमच्या तं सगळं ध्यानात राह्यते. काय म्हटलं त्याइनं?”

सरांना ती बस आठवत होती. म्हणजे यवतमाळचा कार्यक्रम आठवत होता, आणि तिथं बसनं गेलो होतो हेही. शेजारी कुणीतरी बसलेलं असणारच. पण तो माणूस, त्याचा चेहरा, त्याचा पंप, त्याचा एखादा शब्द, त्यांनी शोधलं तिथं काहीच नव्हतं.

सातशे माणसं त्यांच्याकडे बघत होती. स्टेजच्या खाली बसलेल्या वार्ताहरानं वही उघडली. ‘आठवत नाही हो बाई’ असं म्हणायला किती वेळ लागला असता? पण अंगावर शाल होती. आणि आत्ताच तर उलटे वीस आकडे म्हणून झाले होते.

“आठवतं ना,” सर म्हणाले.

त्यांचा आवाज त्यांनाच सहज वाटला. “ते म्हणाले, ‘यंदा पऱ्हाटी झ्याक हाय, सर. माही कौशल्या अन् मी दोघं राबलो. पंप नीट झाला, आता आजच्या आज फवारनी उरकतो. दिवाळीले मायले लुगडं घ्यायचं हाय.’ असं म्हणाले. अगदी आनंदात होते. कुठलीही काळजी त्यांच्या बोलण्यात नव्हती, बाई.”

आधी एका कोपऱ्यातून टाळी आली. मग सगळा मांडव वाजू लागला. पुढच्या रांगेतल्या एका शिक्षिकेनं डोळ्यांना पदर लावला. कौशल्या तशीच उभी होती. ती सरांच्या तोंडाकडे बघत होती, आणि टाळ्या थांबेपर्यंत तिनं नजर काढली नाही.

“बरं जी,” ती म्हणाली, हात जोडले आणि खाली बसली.

परत जाताना बडनेरा स्टेशनवर गाडीला वेळ होता. कुर्बानभाईंनी दोन चहा आणले. ते मूर्तिजापुरात घड्याळं दुरुस्त करत. कार्यक्रम असला की दुकान बंद करून सरांबरोबर येत. घंटा वाजवायची, कागद सांभाळायचा, आणि प्रवासात सरांकडून सराव करून घ्यायचा. बावीस वर्षं झाली होती या सोबतीला. एरवी कार्यक्रम झाल्यावर कुर्बानभाई बोलून बोलून डोकं उठवत. आज गप्प होते.

“काय झालं?” सरांनी विचारलं.

“काई नाही.”

“सांगा ना.”

कुर्बानभाईंनी चहाचा कप बाकावर ठेवला. “सर, त्या दिशी मी तुमच्या मागच्या सीटवर होतो. तो पंपवाला मानूस मले चांगला याद हाय. पंपाचा दट्ट्या नवा होता, म्हनून मी पाहून राहिलो होतो. माहा धंदाच तो, कुठं नवा सुटा भाग दिसला की नजर जाते.” ते सरांकडे वळले. “मी तुमाले वीस आकडे वाचून दाखवले होते. तुमी डोळे मिटून घोकून राहिले होते. तेवढ्यात तो तुमच्याशी बोलाले लागला.”

“काय बोलला?”

“बसचा आवाज कित्ती होता! मले नाही आयकू आलं. पन तुमी हात वर केला, सर. असा.” कुर्बानभाईंनी तळहात उभा धरून दाखवला, वर्गात पोरांना गप्प करतात तसा. “डोळे नाही उघडले तुमी. तो थांबला. मंग थोड्या वेळानं पुन्हा काईतरी बोलला. तुमी पुन्हा हात केला. मंग तो खिडकीकडे तोंड करून बसला. फाटा आला तवा तुमच्या गुडघ्यावरून पंप सांभायत उतरला. उतरता उतरता तुमाले रामराम केला त्यानं.”

“मी?”

“तुमी घोकून राहिले होते.”

गाडी आली. दोघांना समोरासमोर जागा मिळाली. माना स्टेशन गेल्यावर कुर्बानभाई म्हणाले, “तुमी स्टेजवर बोलले तवा मले वाटलं, तुमाले आयकू आलं असन. हात वर केला तरी कानात गेलंच असन. म्हनून मी गप बसलो. गेलं होतं का, सर?”

सर खिडकीबाहेर बघत राहिले. तेवढ्यावरून कुर्बानभाईंना समजायचं ते समजलं. मूर्तिजापूरला उतरल्यावर दरवेळी ते सरांना घरापर्यंत सोडत. आज चौकातच म्हणाले, “चलतो, हीना वाट पाहत असन,” आणि वळले. हीना त्यांची सून. ती सासऱ्याची वाट बघत बसते असं सरांनी आजवर कधी ऐकलं नव्हतं.

पत्नीला, गोदावरीबाईंना, सरांनी दोन दिवस काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी पेपर आला. आतल्या पानावर चौकोनात बातमी होती, सरांचा शालीतला फोटो होता आणि वर मोठ्या अक्षरांत, ‘स्मरणतपस्व्याच्या मुखातून उलगडले देवमनचे अखेरचे बोल’. खाली ते सगळं वाक्यन् वाक्य. पऱ्हाटी, कौशल्या, फवारणी, लुगडं.

सकाळपासून फोन सुरू झाले. जुने विद्यार्थी, निवृत्त सहकारी, नात्यातले. एकानं तर म्हटलं, “सर, तुमच्यामुळे त्या बाईच्या कपाळावरचा डाग पुसला गेला.” अकोल्याच्या एका शिक्षणसंस्थेचा फोन आला, सत्कार ठेवायचा आहे, तारीख द्या. सर प्रत्येकाला “हो, हो” म्हणत राहिले आणि शेवटी त्यांनी रिसीव्हर काढून बाजूला ठेवला.

“काय झालं काय तुम्हाला?” गोदावरीबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. “लोक एवढं कौतुक करून राहिले, अन् तुम्ही तोंड पाडून बसले.”

तेव्हा त्यांनी सांगितलं. कुर्बानभाईंनी दाखवलेला हातही करून दाखवला.

गोदावरीबाई समोर टेकल्या. हातातल्या मेथीच्या जुडीची पानं खुडत राहिल्या. मग म्हणाल्या, “तो हात मला माहीत आहे.”

सरांनी वर पाहिलं.

“लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली. किती वेळा पाहिला असेल. काही सांगायला यावं तर तुमचे डोळे मिटलेले अन् हात वर. मी परत जायची. मागून विचारायचे तुम्ही, काय म्हणत होतीस? तोवर मीही विसरून गेलेली असायची.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे सरांना ते अधिक लागलं. “मी घरातली. मला उद्या सांगता यायचं. त्याला कुठला उद्या?”

“मी आठवून पाहतोय, गोदावरी. तीन दिवस तेच करतोय.”

“शांत बसा, आठवेल.”

“नाही आठवणार.” सर म्हणाले. “विसरलेलं आठवतं. हे मी ठेवलंच नाही. त्याचा आवाज माझ्या कानात आला असणार, दोन क्षण होता असणार. मी तो झटकला. आकडे सांडू नयेत म्हणून झटकला.”

“कुठले आकडे?”

सर हसल्यासारखे झाले. “तेही कुठं आठवतात?”

दुपारी त्यांनी अकोल्याच्या संस्थेला कार्ड लिहिलं, प्रकृतीच्या कारणानं येता येत नाही. लिहिल्यावर ‘प्रकृतीच्या कारणानं’ खोडलं. दुसरं कार्ड घेतलं आणि फक्त येता येत नाही एवढं लिहिलं. चांदूर रेल्वेच्या शाळेचा फेब्रुवारीतला कार्यक्रमही त्यांनी तसाच रद्द केला. त्यानं बरं वाटेल अशी त्यांची समजूत होती. वाटलं नाही. संध्याकाळी बाजारात भाजीवाल्यानं वांगी तोलता तोलता बातमीचा विषय काढला तेव्हा सर सुटे पैसे परत न घेताच निघून आले.

रविवारी ते एकटेच निघाले. कुर्बानभाईंना बरोबर न्यावं असं मनात आलं होतं, पण आपण जे सांगायला चाललो ते सांगताना बाजूला साक्षीदार असणं म्हणजे पुन्हा कार्यक्रमच, असं त्यांना वाटलं.

बोरखेड फाट्यावर उतरून दीड किलोमीटर चालायचं होतं. तुरीची सोंगणी चालू होती. एका शेतात विचारल्यावर पोरानं बोट दाखवलं, “थे काय कौशल्याबाई.” बांधापाशी तुरीच्या पेंड्या रचलेल्या होत्या आणि ती विळा घेऊन ओळीत वाकलेली होती. सरांना पाहून ती उभी राहिली. आश्चर्य वाटल्याचं तिनं दाखवलं नाही.

“या जी. पानी घ्या.” तिनं झाडाखालच्या मडक्यातून पेला भरून दिला आणि स्वतः चार हात लांब, पेंडीवर टेकली.

सरांनी पाणी घेतलं. रस्ताभर त्यांनी वाक्यं जुळवली होती. त्यांतलं एकही आता कामाचं वाटेना.

“बाई, मी त्या दिवशी खोटं बोललो. देवमन माझ्याशी काय बोलले ते मला माहीत नाही. मी ऐकलंच नाही.”

कौशल्यानं विळ्याच्या मुठीवरची माती अंगठ्यानं काढली. “मले तवाच समजलं, सर.”

“कसं?”

“तुमी ‘माही कौशल्या’ म्हटलं. चवदा वर्स झाली लग्नाले, त्याइनं माहं नाव नाही घेतलं कधी. लोकाइसमोर त नाहीच, घरातबी नाही. ‘आयकलं का’ म्हनत. माहं नाव तुमाले म्याच सांगतलं होतं, उभं राहून.” ती पहिल्यांदा सरांकडे बघून बोलली. “थे नाव आयकलं अन् मले समजलं, याइच्याजवळ काईच नाही.”

“मग तिथंच का नाही बोलल्या?”

“काय बोलू? लोक टाळ्या वाजवून राहिले होते. तुमच्या अंगावर शाल होती. तुमी माह्या मालकाच्या बापाच्या वयाचे. मलेच लाज वाटली जी. तुमची.”

सरांनी मान खाली घातली. शाल घेताना घालत तशी नव्हे. ती आपोआपच खाली गेली. बांधावरून एक मुंग्यांची ओळ तुरीच्या गळालेल्या दाण्याकडे चालली होती. ते तिकडे बघत राहिले, कारण वर बघता येत नव्हतं.

“मंग आता कायले आले?” तिनं विचारलं. विचारण्यात टोचणी नव्हती, तिला खरंच कळून घ्यायचं होतं.

“जेवढं खरं आहे तेवढं सांगायला. माझ्या मागं माझे मित्र बसले होते, त्यांनी पाहिलं.” आणि सरांनी काही न वगळता सांगितलं. पंपाचा नवा दट्ट्या, आकड्यांचा कागद, मिटलेले डोळे. देवमन बोलू लागला, आपण हात वर केला. तो पुन्हा बोलला, आपण पुन्हा हात केला. मग तो खिडकीकडे तोंड करून बसला. उतरताना त्यानं रामराम केला, आणि आपण डोळे उघडले नाहीत.

कौशल्या ऐकत होती. मधे एकदा तिनं विचारलं, “दोनदा बोलले?”

“हो. दोनदा.”

“दुसऱ्यांदाबी?” तिच्या तोंडावर काहीतरी हललं. “मंग कामाचंच असन. एकदा कोनी गप केलं की ते पुन्हा तोंड नाही उघडत. घरी मायनं हात केला, की झालं, दिवसभर गप. अन् तुमच्याशी दोनदा बोलले.”

दूरवर कुणाची तरी बैलगाडी पांदीतून गेली. कौशल्यानं मान वळवून तिकडे पाहिलं.

“दट्ट्या नवा दिसला म्हने तुमच्या मित्राले?”

“हो. नवाकोरा.”

“हं.” तिनं मान हलवली. “पंप वावरातच पडला होता. अर्धा भरलेला. पोलिसाइनं नेला. अर्धा फवारला होता का अर्धाच भरला होता, कोनी पाह्यलं नाही.” मग जरा वेळानं, “तुमी आयकलं असतं त ते वाचले असते, असं मी नाही म्हनत जी. कोनाच्या हातात असते ते? पन मले समजलं असतं. या पारचं का त्या पारचं, एक काईतरी समजलं असतं. आता जिंदगीभर दोन्ही घेऊन राहायचं.”

सरांना क्षमा मागायची होती. ती मागण्यासाठीच ते आले होते. पण क्षमा मागितली असती तर तिला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं, आणि तिच्याकडून आणखी काही मागायचं धाडस त्यांना झालं नाही.

कौशल्या उठली. विळा पेंडीत खोचला. “घरी चला. चहा घेऊन जा. तुमी आल्याचं पोट्ट्यानं सांगतलं असन बुढीले, थे दारात येऊन बसली असन.” चार पावलं पुढे गेल्यावर ती न वळता म्हणाली, “सासूले दिसत नाही. पेपरात आलं ते शेजारच्या पोरीनं तिले वाचून दाखवलं. तवापासून रोज वाचून घेते. आधी थे धड जेवत नोती, आता जेवते. तिले काय सांगायचं ते तुमी पाहा. मी काई म्हनत नाही.”

पार्बताबाई खरंच दारात बसली होती. भिंतीला टेकून, गुडघ्यांभोवती हात घालून. पावलांचा आवाज येताच तिनं तोंड वर केलं. डोळ्यांवर पांढरी साय आलेली होती.

“सर आले का? मूर्तिजापूरचे?”

“आलो, आई.” सर समोर उकिडवे बसले. कौशल्या आत गेली. चुलीपाशी भांड्याचा आवाज झाला आणि थांबला. ती ऐकत उभी होती हे सरांना न पाहताही कळलं.

“तुमचं लय भलं होईन बापा,” म्हातारी म्हणाली. “गावानं माह्या पोराले नावं ठेवली होती. म्हने, मायले टाकून गेला. तुमी सांगतलं तवा समजलं साऱ्याइले. सांगा बरं एकदा, तुमच्या तोंडून. पोरगी वाचते, पन भराभरा वाचते.”

सरांनी तोंड उघडलं. खरं सांगायचं होतं ना? दीड किलोमीटर चालत, आणि त्याआधी सात दिवस, त्यांनी हेच ठरवलं होतं. समोरच्या तोंडावर इतकी वाट बघणं होतं की, ते खरं बाहेर आलंच नाही.

“ते म्हणाले,” सर म्हणाले, “यंदा पऱ्हाटी चांगली आहे...”

“झ्याक,” पार्बताबाई म्हणाली. “झ्याक हाय म्हटलं त्यानं.”

“हो. झ्याक हाय. आणि... पंप दुरुस्त झाला...”

“त्याच्या आंधी. माही कौशल्या अन् मी दोघं राबलो. मंग पंप.”

सर थांबले. आपणच रचलेली ती चार वाक्यं त्यांना येत नव्हती. स्टेजवर ती तोंडातून गेली आणि त्यांनी नेहमीसारखी सोडून दिली होती.

“मंग पंप,” त्यांनी म्हटलं. “उद्या फवारणी करतो. आणि दिवाळीला आईला साडी...”

“साडी नाही जी!” म्हातारी हसली. तिला दात नव्हते. “मी कुठं साडी नेसतो? लुगडं म्हटलं त्यानं. तुमी आता थकले, सर. असू द्या, मी सांगतो तुमाले.” आणि मांडीवर हात ठेवून, शाळेत पोरं कविता म्हणतात तसं, एकेक शब्द सुटा करत ती म्हणू लागली, “यंदा पऱ्हाटी झ्याक हाय, सर. माही कौशल्या अन् मी दोघं राबलो. पंप नीट झाला, आता आजच्या आज फवारनी उरकतो. दिवाळीले मायले लुगडं घ्यायचं हाय.” एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. “असंच म्हटलं ना त्यानं?”

कौशल्या चहा घेऊन दारात आली होती. ती सरांकडे बघत नव्हती, बाहेर अंगणाकडे बघत होती.

सरांनी मान हलवली.

पार्बताबाई तोंड वर करून तशीच थांबून राहिली. मग सरांच्या ध्यानात आलं की तिला दिसत नाही. त्यांना तोंडानं ‘हो’ म्हणावं लागलं.